भाचीचं तिसरं मागणं

अल्माती, १२ जून

अमानताय,

ओमिर्झाक ड्रायव्हरच्या गाडीतून झेरेला तुझ्याकडे कुरणावर पाठवते आहे. त्याच गाडीतून तुझ्या दौरेनला खाली धाड, आणि धाडताना त्याला नीट सांग की आत्याकडे सुट्टीला नाही, शिक्षेला चालला आहेस. गणितात दोन! पाचांपैकी दोन म्हणजे नापास, आणि तेवढेही त्याच्या बाईंनी तू पाठवलेल्या कुमिसच्या भिडेखातर दिले असावेत. ऑगस्टमध्ये फेरपरीक्षा आहे. तोवर तो माझ्या घरी आणि माझ्या पद्धतीने राहील.

झेरेची शाळेची शेवटची परीक्षा उत्तम झाली. पण पोरगी फिकट पडली आहे. डॉक्टर म्हणाले, डोंगरावरची हवा आणि घोडीच्या दुधाचं कुमिस द्या. दोन्ही तुझ्याकडे फुकट आहे. तिच्या पेटीत वेळापत्रक आहे, ते तंबूत समोर दिसेल असं टांग. सहाला उठणं, सकाळी रसायनशास्त्र, दुपारी जीवशास्त्र, संध्याकाळी अर्धा तास फिरणं. पोहोचल्यापासून दर आठवड्याला मला पत्र लिहायचं, हेही तिला सांगितलं आहे. वैद्यकीयच्या सरकारी जागेचा अर्ज मी जुलैत भरणार आहे. त्याबद्दल तिच्याशी काही बोलू नकोस. तुझ्या गप्पा ऐकून चांगली चांगली माणसं कामं सोडून बसतात.

ती तुला काही त्रास देणार नाही. आजवर तिने मला एकदाही उलट उत्तर दिलेलं नाही. जमलं तर दौरेनला हे कसं असतं ते दाखव.

कुल्याश


असी कुरण, १९ जून

आप्के,

तुझी मुलगी पोहोचली आणि तुझं वेळापत्रकही पोहोचलं. दोघांनाही तंबूत जागा दिली. वेळापत्रक पाहून आमच्या कुत्र्याने शेपूट घातली.

फोन करत जा असा झेरेबरोबर निरोप धाडलास, तर ऐक. समोरच्या टेकडीवर चढलं की सिग्नल येतो, पण माझे गुडघे येत नाहीत. तेव्हा दर गुरुवारी ओमिर्झाक मीठ-पीठ घेऊन येईल आणि पत्र घेऊन जाईल.

भाची घरी आली म्हणून मेंढा कापला. झेरे शेजारी उभी होती, आणि मी सुरी फिरवतो न फिरवतो तोच ही आडवी. तिच्या रौशानमामीने तोंडावर पाणी मारलं. ऊन लागलं असणार. शहरातली पोर, टोपी नाही काही नाही.

बाकी तुझी मुलगी सोन्यासारखी आहे, पण आप्के, मला तिची जरा भीती वाटते. विचारलं, "चहा घेशील की कुमिस?" म्हणाली, "तुम्ही म्हणाल ते." विचारलं, "लाल घोडीवर बसतेस की काळ्या घोड्यावर?" म्हणाली, "कुठल्या घोड्यावर बसायचं असतं?" मी म्हटलं, "अगं, ज्याच्यावर मन जाईल त्याच्यावर." तर ती माझ्याकडे बघत उभीच. जणू मी प्रश्नपत्रिकेत धड्याबाहेरचं विचारलं. शेवटी घोडाच कंटाळून निघून गेला.

आणि तिला एक ठाऊक नव्हतं, ते ऐकून मला धक्का बसला. मी म्हटलं, "तू माझी जियेन, बहिणीची लेक. नगाशीकडून, म्हणजे मामाकडून, तीन गोष्टी मागायचा तुझा हक्क आहे. मागशील ते मला द्यावंच लागेल. नाही म्हटलं तर म्हातारपणी माझे हात थरथरतील." तिला वाटलं मी चेष्टा करतोय. तू पोरीला लघुगणक शिकवलंस आणि मामाला लुटायचं कसं ते नाही शिकवलंस?

खरं सांगतो, हे बोलून गेलो आणि जीभ चावली. शर्यतीचा राखाडी घोडा तेव्हा तिच्या मागेच उभा होता.

तुझा धाकटा भाऊ,
ज्याचा कान तू अजून पिळू शकतेस तो
अमानताय


अल्माती, २६ जून

अमानताय,

ऊन नाही, ती न खाता उभी राहिली असेल. सकाळी तिला अंडं देत जा.

घोडा मागू नकोस असं मी झेरेला कळवलं आहे. काहीच मागू नकोस असं कळवलं आहे. पाहुण्यांनी हात पसरणं मला आवडत नाही, हक्क असो की नसो. तेव्हा तू शांत झोप.

आता तुझ्या राजपुत्राची हकिगत. आल्या दिवशी बूट दाराच्या मधोमध काढले. मी म्हटलं, "हे कुणी उचलायचे?" तर खरोखर विचारात पडला, आणि म्हणाला, "घरी ते आपोआप बाजूला होतात." रौशानला माझा नमस्कार सांग.

सोमवारी सातला घरी ये म्हणून बजावलं होतं. हा आला जेवणं आटोपून भांडी घासून झाल्यावर. मी आरडाओरडा करणारी बाई नाही, तुला माहीत आहे. मी काही न बोलता त्याच्यापुढे चहाची वाटी ठेवली, काठोकाठ भरून, नको झालेल्या पाहुण्याला भरतात तशी. आपल्यात दोन घोट ओततात ते माणसाने बसावं म्हणून, आणि वाटी भरतात ते त्याने उठावं म्हणून, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तुझा मुलगा मिटक्या मारत ती प्यायला आणि म्हणाला, "आत्या, तुझा हात फार मोकळा आहे. आमच्याकडे थोडाथोडाच देतात." आणि वाटी पुढे केली.

माझी झेरे असती तर त्या वाटीनंतर आठवडाभर मान वर केली नसती.

मी त्याला दुसरी वाटी दिली. का दिली ते मला विचारू नकोस.

कुल्याश


असी कुरण, ३ जुलै

आप्के,

तुझं पत्र वाचून रौशान इतकी हसली की दूध उतू गेलं. बूट आपोआप बाजूला करणारी ती हीच.

इकडे पहिलं मागणं झालं. दोन आठवडे मी रोज सकाळी विचारतोय, "माग गं काहीतरी, माझा जीव टांगणीला लावू नकोस." ती म्हणे, "आईने नको म्हटलंय." मी म्हटलं, "आई खाली, आपण वर." मग माझ्या डोक्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ती टोपी." अगं, ती नमद्याची टोपी मी पाऊस-पाण्यात, मेंढरांत, झोपेत घालतो. रौशान ती दोनदा जाळायला निघाली होती. तीनांतलं एक मागणं पोरीने त्या टोपीवर उधळलं. आता ती घालूनच हिंडते. उन्हाचंही काम झालं.

दुसरं मागणं लगेच दुसऱ्या दिवशी. "उद्या मला कुणी उठवू नका." एवढंच. मी सगळ्यांना दम दिला, कुत्रासुद्धा बांधून ठेवला. पोरगी दुपारच्या जेवणाला उठली. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, आणि आप्के, गालांवर रंग. तेव्हापासून ती उन्हं वर आल्यावर उठते, रौशानबरोबर घोड्या पिळते आणि काळ्या घोड्यावर बसते. काळा तिने स्वतः निवडला.

तुझी पुस्तकंही कामी आली. कुर्तचे गोळे वाळवायच्या आधी दही बांधून दाबायला जड काहीतरी लागतं. रसायनशास्त्राइतकं जड आमच्याकडे दुसरं काही नव्हतं. कुर्त या वर्षी दगडासारखा झालाय, ओमिर्झाकबरोबर एक पिशवी पाठवतोय.

एक मात्र अभिमानाने सांगतो, रागावू नकोस. मी दौरेनला कधी बांधलं नाही, कधी दटावलं नाही, आणि म्हणून तो माझ्याशी आजवर एकदाही खोटं बोललेला नाही. हे तुझ्या वेळापत्रकात कुठे बसतं?

अमानताय


अल्माती, १० जुलै

अमानताय,

तुझं पत्र आणि झेरेचं पत्र एकाच दिवशी हातात पडली. एकाच तंबूतून, एकाच गाडीने आलेली. तिचं आधी वाचलं. ती लिहिते, "प्रिय आई, मी रोज सहाला उठते. सकाळी रसायनशास्त्र वाचते. सेंद्रिय संयुगांचं प्रकरण संपत आलं आहे. घोड्यावर बसत नाही, कारण वेळ मिळत नाही." अक्षर मोत्यासारखं. मग तुझं वाचलं.

मी दोन्ही पत्रं शेजारी ठेवून बसले. मला वाटलं तू चेष्टा करतोयस. मग कुर्तची पिशवी उघडली, आणि एका कापडावर पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरचं नाव उलटं उमटलेलं दिसलं.

म्हणजे गेले चार आठवडे ती माझ्याशी खोटं बोलते आहे. चार आठवडेच का, असं मनात आलं, आणि पुढचा विचार मी केला नाही. तिला मी काही लिहिलेलं नाही. तूही काही बोलू नकोस. अर्ज मी काल भरला.

तू हसशील. हस. पण तुझ्या अभिमानाचं उत्तर माझ्याकडे आहे, तेही घे. काल दौरेन पुन्हा उशिरा आला. मी दारातच उभी होते. म्हटलं, "कुठे होतास? कुणाबरोबर? जेवलास का? माझा जीव जायची वेळ आली." तो नुसता हसत होता. माझा हात उठणार होता. म्हटलं, "हसतोस कशाला?" तर म्हणाला, "आत्या, तू एवढा वेळ दारात उभी होतीस? माझ्यासाठी?" मी म्हटलं, "मग कुणासाठी?" म्हणाला, "बाबा कधी विचारत नाहीत. मी दोन दिवस आलो नाही तरी म्हणतात, आलास का, बस."

तो तुझ्याशी खोटं बोलला नाही हे खरं आहे, अमानताय. खोटं बोलायला आधी कुणी काहीतरी विचारावं लागतं.

तेव्हापासून तो सातला घरी असतो. समीकरणं सोडवतो. चुकली की माझ्याकडे बघतो, मी रागावते की नाही ते पाहायला. मी रागावते. त्याला बरं वाटतं. असलं पोर मी जन्मात पाहिलं नव्हतं.

कुल्याश


असी कुरण, २४ जुलै

आप्के,

मागच्या गुरुवारी ओमिर्झाक रिकामा परत गेला. त्याला मी सांगितलं की शाई संपली. शाई होती.

मी स्वतःला फार मोकळ्या मनाचा बाप समजत होतो. आपले वडील कसे होते तुला आठवतं. चाबूक भिंतीवर आणि आपण पलंगाखाली. मी ठरवलं होतं, माझ्या पोराला असं भ्यायला लावणार नाही. मग मी त्याला काहीच करायला लावलं नाही, आणि कशाला नाहीही म्हटलं नाही. सोपं होतं गं. मला वाटलं, हीच माया. परवा कसाबसा समोरच्या टेकडीवर चढलो, त्याला फोन लावला आणि विचारलं, "कुठे आहेस? कधी येणार घरी?" तो घाबरून म्हणाला, "बाबा, कुणी गेलं का?"

दिवसभर मला जेवण गेलं नाही.

तेव्हा आता तुझी फार चेष्टा करत नाही. थोडी करतो, नाहीतर तुला वाटेल मी आजारी आहे. मला पोरगं हाकता आलं नाही, आणि तू पोरीला इतकं हाकलंस की ती तुला बघून फक्त शेपूट हलवते. दोघंही शहाणे.

झेरेशी मी बोललेलो नाही, तुझ्या शब्दाला जागलो. पण ती बोलते. रात्रंदिवस काळ्या घोड्याशी बोलते. परवा त्याच्या खुरात काटा घुसला, रक्त आलं, तर ही पांढरी पडून खाली बसली. टोपी डोक्यात होती, सकाळी दोन अंडी खाल्ली होती. मी काहीच म्हणत नाही. तू गणिताची बाई आहेस, बेरीज तू कर.

अमानताय


अल्माती, १२ ऑगस्ट

अमानताय,

यादी लागली. झेरेचं नाव आहे. अल्मातीतलं वैद्यकीय, सरकारी खर्चाने. मी यादी वाचताना चष्मा दोनदा पुसला. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी उठून टाळ्या वाजवल्या. तिचे वडील असते तर आज काय झालं असतं.

समारंभ ३० तारखेला ठरवला. हॉल घेतला, पन्नास माणसं सांगितली. घोड्याचं मांस तू आणायचंस, राखाडी सोडून कुठलाही चालेल. झेरेला पुढच्या गुरुवारी खाली पाठव, मूळ कागद महाविद्यालयात तिच्या सहीने द्यायचे आहेत.

तुझी बेरीज वाचली. पहिल्या वर्षी सगळ्याच मुली घाबरतात. सवय होते.

दौरेनची फेरपरीक्षा सोमवारी आहे. त्याच्यापेक्षा मीच जास्त घाबरले आहे. त्याला सांगू नकोस.

कुल्याश


असी कुरण, १४ ऑगस्ट

आप्के,

अभिनंदनाचं पत्र लिहायला बसलो होतो. ते लिहिता लिहिता भलतंच लिहायला लागलो. तुझी मुलगी मागून वाचत होती. म्हणाली, "नगाशी, माझं तिसरं मागणं शिल्लक आहे ना?" मी राखाडीकडे बघून डोळे मिटले. ती म्हणाली, "हे पत्र मला द्या. बाकीचं मी लिहिते."

जियेनला नाही म्हणता येत नाही. माझे हात मला हवे आहेत.

अमानताय


(त्याच कागदावर, खाली)

प्रिय आई,

नगाशींनी फक्त एवढंच लिहिलं होतं की झेरेला डॉक्टर व्हायचं नाही. ते मी खोडलं, कारण ते मीच सांगायला हवं होतं.

मला रक्त बघवत नाही. आठवीत बेडूक कापायचा होता तेव्हा मी डोळे मिटून हात फिरवत होते, आणि बाईंनी पाच दिले. तू ते पाच फ्रिजवर चिकटवलेस. त्यानंतर सांगायचं कसं ते मला समजलं नाही. दर वर्षी वाटायचं, या वर्षी सांगू. दर वर्षी फ्रिजवर एक पाच वाढायचा.

मी तुला खोटी पत्रं लिहिली. त्या दुसऱ्या मागण्यानंतर सहाला मी एकदाही उठलेले नाही. सेंद्रिय संयुगांचं प्रकरण उघडलंही नाही. खोटं लिहिताना मला वाईट वाटत नव्हतं, ते जास्त वाईट आहे. तू वाचून खूश होशील असं लिहायची मला इतकी सवय आहे की खरं काय ते शोधायला आता मलाच वेळ लागतो.

तू ओरडशील याची मला भीती नाही. तू ओरडत नाहीस. तू माझी वाटी काठोकाठ भरतेस आणि दुसरीकडे बघतेस. मी आपल्याच घरात पाहुणी होते, आणि आता उठायला पाहिजे असं वाटतं. दौरेनला त्या वाटीचा अर्थ कळला नाही, तो किती नशीबवान.

पन्नास माणसांना सांगितलंस ते मला नगाशींनी सांगितलं. मी गुरुवारी येते. तू सांगशील तर सही करीन. पण तू सांगितलंस म्हणून करीन, एवढं तुला माहीत असावं.

तुझी
झेरे


अल्माती, १९ ऑगस्ट

झेरे,

तुझं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं. मग उत्तर लिहायला घेतलं. पहिलं उत्तर चार पानांचं झालं, त्यात तुझ्यासाठी काय काय केलं ते सगळं होतं. दुसरं दोन पानांचं, त्यात लोक काय म्हणतील ते होतं. दोन्ही फाडली. दौरेन दाराशी येऊन म्हणाला, "आत्या, कुणावर रागावली आहेस? माझ्यावर असेल तर सांग, मी तयार आहे." मला हसू आलं आणि मग रडू आलं. तो माझ्याजवळ बसून राहिला. हे त्याला त्याच्या बापाने शिकवलं असावं, अमानतायला कधीतरी सांगेन.

मला राग आला आहे. तो आहे हे लपवत नाही. खोट्याचा आला आहे, आणि बेडकाचा त्याहून जास्त. चार वर्षं तो बेडूक माझ्या फ्रिजवर होता आणि मी पाहुण्यांना दाखवत होते.

वाटीचं मात्र मला ठाऊक नव्हतं. म्हणजे मी भरत होते ते ठाऊक होतं. तू काय पीत होतीस ते ठाऊक नव्हतं.

कागद माझ्या पर्समध्ये आहेत. ते मी देणार नाही, आणि तू सही कर असं सांगणारही नाही. यादीत तुझ्याखाली कुणीतरी मुलगी असेल, जिला रक्ताची भीती नाही. तिच्या आईने आज चष्मा पुसावा.

समारंभ होईल. हॉलचे लोक ऐकत नाहीत, आणि माझ्या तोंडातून गेलेला शब्द मी परत घेत नाही. फक्त कारण बदललं आहे. दौरेनला गणितात तीन मिळाले. पास. पाचांपैकी तीनसाठी पन्नास माणसांना जेवण घालणारी मी शहरातली पहिली गणिताची बाई असेन. शिक्षकांच्या खोलीत सांगितलं, तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दौरेनने कॅलेंडरखाली ते तीन स्वतः चिकटवले, वाकडे. मी सरळ केले नाहीत.

आता एक प्रश्न विचारते. हा मला फार पूर्वी विचारायला हवा होता, आणि मी शिक्षिका आहे. उत्तराला वेळेचं बंधन नाही. तुला काय व्हायचं आहे?

गुरुवारी यायलाच हवं असं नाही. आलीस तर वाटी थोडी भरीन.

आई


असी कुरण, २१ ऑगस्ट

प्रिय आई,

मला काय व्हायचं आहे ते मला माहीत नाही. खोटं नाही, खरंच माहीत नाही. घोड्यांशी माझं पटतं, पण तेवढ्यावरून काही ठरवत नाही. नगाशी म्हणतात, न ठरवणाऱ्याने निदान जेवायचं तरी काय ते सांगावं. मी तळलेले बाउर्साक सांगितले.

आज नऊ वाजता उठले. रसायनशास्त्र अजून दह्यावरच आहे. काळ्याचा खूर बरा झाला, पण पट्टी रौशानमामीने बांधली, मी लांब उभी होते. नगाशी रोज टेकडीवर चढतात, दौरेनला फोन करून कुठे आहेस ते विचारायला. गुडघे कुरकुरतात म्हणे, पण जातात. दौरेन आता त्यांना थोडंसं खोटं सांगायला लागला आहे. नगाशी फार खूश आहेत.

आजच्या गाडीने नाही, मी समारंभालाच येईन, टोपी घालून. तू हो म्हणालीस तर. नाही म्हणालीस तरी घालीन.

वाटी थोडीच भर. मी परत मागेन.

तुझी
झेरे